घरगुती साबणाचा साचा कसा निवडावा?

घरी साबण करण्याची हौस गेल्या काही वर्षांत आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून पुन्हा वाढू लागली आहे. तेल कोणते घ्यावे, सुगंध कोणता द्यावा, हळद घालावी की चंदन, ह्यांविषयी जो तो उत्साहाने बोलतो. परंतु हे सर्व मिश्रण सिद्ध झाल्यावर ते ओतावयाचे कशात, हा विचार मात्र बहुधा अगदी अखेरच्या घटकेस, मिश्रण घट्ट होऊ लागल्यावर, हाताशी येईल ते भांडे उचलून केला जातो. आमच्या घरी तो असाच झाला, आणि त्याचे प्रायश्चित्त आमच्या धाकट्या सूनबाईंच्या मनगटास भोगावे लागले. तो डाग आता फिकट झाला आहे. परंतु तो दृष्टीस पडला म्हणजे आम्हांस आमची चूक आठवते. तशी चूक वाचकांच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे कुटुंब अकरा माणसांचे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानास घरचाच साबण असावा, ही कल्पना गेल्या वर्षी धाकट्या सूनबाईंनी काढली. तेल व क्षारजल एकत्र घोटून, चुलीवर न कढविता जो साबण करतात, तो ओतल्यापासून वापरण्याजोगा होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अनंतचतुर्दशी आणि नरकचतुर्दशी ह्यांच्यामध्ये अधिक मास न आल्यास बरोबर दीड महिना पडतो. तेव्हा गणपती बोळवून साबण ओतला की तो नेमका दिवाळीस तयार, असा हिशेब आम्हीच मांडून दिला आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

ठरल्याप्रमाणे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी साहित्य मांडले. हातमोजे होते, डोळ्यांस चष्मा होता, काटा होता. साचा मात्र नव्हता. ओट्यावर खव्याच्या मोदकांचे साचे धुऊन वाळत घातलेले होते. (उकडीचे मोदक आमच्या घरी हातानेच वळतात.) “बाबा, मोदकाच्या आकाराचा साबण किती सुरेख दिसेल!” असे सूनबाई म्हणाल्या. आमच्या सौभाग्यवती देवघरातून म्हणाल्या, “अहो, नैवेद्याचे साचे ते. त्यांत साबण कसला ओतता?” आम्ही हसलो. सोवळेओवळे कोठवर न्यावे, साचा म्हणजे केवळ आकृती, त्यात काय ओतले ह्याचे त्यास काय, असे काहीसे पंडिती थाटाचे उत्तर आम्ही दिले आणि परवानगी देऊन मोकळे झालो.

ते साचे जर्मनचे होते. आपल्याकडील जुनी माणसे ज्यास ‘जर्मन’ म्हणतात तो धातू म्हणजे अॅल्युमिनियम. पहिल्या साच्यात मिश्रण ओतताच बारीक सुस्स असा आवाज येऊ लागला. पाहता पाहता मिश्रण फसफसून वर आले, त्याचा शुभ्र रंग राखी झाला आणि साचा हाती धरवेना इतका तापला. तो मोरीत टाकावा म्हणून सूनबाईंनी उचलला, तो हिंदकळला आणि आतील ऐवज हातमोजा व बाही ह्यांच्यामध्ये उघड्या राहिलेल्या मनगटावर उडाला. थोरल्या सूनबाईंनी त्यांचा हात तत्काळ नळाखाली धरला व वीस मिनिटे हलू दिला नाही. कोणी लिंबू पिळावयास धावले, कोणी व्हिनेगर शोधू लागले. तेवढ्यात डॉक्टरांस दूरध्वनी लागला आणि त्यांनी ते दोन्ही वर्ज्य करून केवळ वाहते पाणी चालू ठेवण्यास सांगितले. क्षाराने भाजल्यास हाच प्रथमोपचार होय. आंबट पदार्थ लावल्याने त्या संयोगाची उष्णता जखमेतच निर्माण होते.

हे सर्व शांत झाल्यावर दहावीत शिकणारी आमची नात आपले शास्त्राचे पुस्तक घेऊन आली व म्हणाली, “आजोबा, अॅल्युमिनियमवर कॉस्टिक सोड्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. हे तर आमच्या परीक्षेला विचारतात.” हायड्रोजन हा पेट घेणारा वायू, शेजारीच गॅसची शेगडी होती, ती सुदैवाने बंद होती. ज्याची सर्व हयात शाळेत गेली, त्या गृहस्थास नातीने ओट्यापाशी उभे राहून शिकविलेला हा धडा आहे.

आमच्या लज्जेची आणखी एक बाजू आहे, तीही सांगून टाकतो. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. परंतु संस्कृताचे अध्ययन लहानपणापासून झालेले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षारपाकविधीचा आहे. वनस्पतींची राख करून तीव्र क्षार कसा सिद्ध करावा, हे त्यात क्रमाने सांगितले असून तो क्षार लोखंडाच्या कुंभात, तोंड झाकून ठेवावा असे स्पष्ट म्हटले आहे. हा अध्याय आम्ही कित्येकदा वाचला, इतरांस समजावूनही दिला. परंतु ‘लोखंडाचाच कुंभ का?’ आणि ‘तोंड झाकूनच का?’ हे दोन प्रश्न आम्ही कधी विचारले नाहीत. लोखंडास क्षार सहसा खात नाही, म्हणून लोखंड. आणि उघड्या क्षारावर हवेतील कार्बन डायऑक्साइडची क्रिया होऊन तो सौम्य होतो, म्हणून झाकण. पदार्थ पाहून पात्र ठरवावे, हा विवेक ज्या ग्रंथात आहे, तो मुखोद्गत असणाऱ्याने ‘साचा म्हणजे केवळ आकृती’ म्हणावे, ह्याहून मोठा उपहास कोणता?

साबणाचा साचा आणि वडीचे ताट ह्यांतील मुख्य भेद तरी कोणता? नारळाची वडी ताटात थापतो तेव्हा पाक संपलेला असतो. ताटाने केवळ आकार द्यावयाचा असतो. साबणाचे तसे नाही. मिश्रण पळीने उचलून वरून धार सोडली असता तिची रेघ पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहू लागली, म्हणजे ते साच्यात ओततात. त्या वेळी तेल व क्षार ह्यांचा संयोग नुकता सुरू झालेला असतो. उरलेली सारी क्रिया पुढील एक-दोन दिवसांत साच्याच्या पोटात घडते. अर्थात साचा हा पाकाचेच भांडे होय. त्याने क्षार सोसला पाहिजे, उष्णता सोसली पाहिजे आणि अखेरीस वडी सोडली पाहिजे. ह्या तीन कसोट्या ध्यानात ठेवल्या म्हणजे निवड सोपी होते.

साच्याचे द्रव्य

प्रथम वर्ज्य काय ते सांगतो. अॅल्युमिनियम कोणत्याही रूपात घेऊ नये. जर्मनचे साचे, हिंडालियमची भांडी, केक व पाव भाजण्याचे डबे, मिठाईबरोबर येणाऱ्या चकचकीत पातळ वाट्या, हे बहुधा अॅल्युमिनियमचेच असतात. न चिकटणारा काळा लेप दिलेला डबाही विश्वासाचा नाही. लेपास एक ओरखडा गेला की खालचा धातू उघडा पडतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा व कल्हई केलेले भांडे हीही वर्ज्य, कारण जस्त व कथील ह्या दोहोंवर क्षाराची क्रिया होते. तांब्यापितळेचे साचे देखणे असतात, परंतु तांब्याचा अंश तेलात उतरला की साबण लवकर खवट होतो.

लोखंडाविषयी वाचक विचारतील, की सुश्रुतास जे चालले ते आपणांस का न चालावे? उत्तर असे, की क्षारास लोखंड मानवते, पण तेलास मानवत नाही. गंजाचा अंश तेलास खवट करतो व वडीवर तांबूस डाग पाडतो. सुश्रुतास केवळ क्षार ठेवावयाचा होता. आपणांस क्षार व तेल दोन्ही ठेवावयाची आहेत. स्टेनलेस स्टीलवर क्षाराची अशी क्रिया होत नाही, म्हणून मिश्रण घोटण्यास ते उत्तम. परंतु साचा म्हणून ते वडी सोडीत नाही. त्याच्या भिंती ताठ असल्यामुळे वडी खरवडूनच काढावी लागते. काच व चिनी माती ह्यांचीही तीच गत. शिवाय काच उष्णतेने तडकण्याचे भय.

आता ग्राह्य साचे. त्यांत आम्ही पहिला मान लाकडी पेटीस देतो. साधी, लांबट, उघड्या तोंडाची, सुमारे दोन सेंटिमीटर जाड फळ्यांची पेटी सुतार एका दिवसात करून देतो. एक बाजू हाताने फिरवता येणाऱ्या नटांनी बसविलेली असावी, म्हणजे ती सोडली की साबणाची लांब वडी अखंड बाहेर येते. लाकूड उष्णता धरून ठेवते. त्यामुळे आतील क्रिया सर्वत्र सारखी होते. मात्र ओले मिश्रण उघड्या लाकडास लागू देऊ नये. क्षार लाकडास खातो व लाकडाचा रंग साबणात उतरतो. म्हणून आत बटर पेपरचे अस्तर घालावे. पेटीच्या तळाचे व भिंतींचे माप घेऊन, पुस्तकास आपण जसे कव्हर घालतो तसे, कोपरे नीट दुमडून ते बसवावे. कागदास जेथे सुरकुती, तेथे वडीसही सुरकुती. प्लायवुडची पेटी स्वस्त पडते, पण ओलाव्याने तिचे थर सुटू शकतात.

दुसरा मान सिलिकोनच्या साच्यास. बाजारात हे हल्ली सर्वत्र मिळतात. त्यांस क्षार बाधत नाही, ते उष्णतेने वितळत नाहीत, आणि बाहेरून दाबले की वडी आपोआप सुटते. अस्तराची यातायात नाही. दोष दोन. लांब साच्याच्या मऊ भिंती मिश्रणाच्या भाराने बाहेर फुगतात, म्हणून तो साचा त्याच मापाच्या लाकडी पेटीत बसवून वापरावा. दुसरे असे, की भिंतींतून ओलावा जाण्यास वाट नसल्यामुळे साबण आत अधिक काळ मऊ राहतो. दोन ते तीन दिवस धीर धरावा लागतो.

तिसरा साचा आपल्या सर्वांच्या फडताळात आधीच आहे. श्रीखंडाचे व आइस्क्रीमचे रिकामे डबे पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. तळाशी त्रिकोणात ५ हा अंक पाहावा. तो ह्या प्लास्टिकची खूण. अंक २ असल्यासही हरकत नाही. अंक १ हा पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा असून त्यास उष्ण क्षार बाधतो. अंक नसलेले पातळ पेले उष्णतेने वाकतात. प्रथमच साबण करणाऱ्याने खर्चात न पडता अशा एका डब्यात अर्धा किलोचा प्रयोग करावा, हे आमचे मत.

फळांच्या रसाच्या व ताकाच्या कागदी पेट्या पुष्कळजण वापरतात. ज्या पेट्या शीतकपाटावाचून महिनोन् महिने टिकतात, त्यांच्या कागदात अॅल्युमिनियमचा पातळ वर्ख असतो. आतून प्लास्टिकचा थर असला तरी कापलेल्या कडेस वर्ख उघडा पडतो. एवढे जाणून ज्याने त्याने ठरवावे. आम्ही त्या वापरीत नाही. नारळाच्या करवंटीचाही प्रयोग आमच्या थोरल्या चिरंजीवांनी करून पाहिला. साबण करवंटीच्या धाग्यांस असा बिलगला की करवंटी फोडावी लागली, आणि वडीचा रंग चहासारखा झाला.

साच्याचे माप

साच्याच्या मानाने मिश्रण कमी पडले तर वडी बुटकी होते. अधिक झाले तर उरलेले क्षारयुक्त मिश्रण हाती घेऊन घरभर भांडे शोधीत फिरावे लागते, आणि अपघाताचा उगम बहुधा तेथेच असतो. म्हणून तेल मोजण्यापूर्वी साचा मोजावा. रीत पाचवीच्या मुलासही येईल अशी आहे. साच्याची आतील लांबी, रुंदी व मिश्रण जेथवर भरावयाचे ती उंची सेंटिमीटरांत घ्यावी; तिहींचा गुणाकार करावा; त्याच्या सात दशमांश इतके ग्रॅम तेल घ्यावे. नेहमीच्या प्रमाणात पाणी व क्षार मिळविल्यावर साचा बेताने भरतो.

आमच्या पेटीचे उदाहरण घ्या. लांबी २५, रुंदी ८ व भरावयाची उंची ७ सेंटिमीटर. गुणाकार १४००, सात दशमांश ९८०. म्हणजे तेले सर्व मिळून ९८० ग्रॅम. पेटी मात्र ह्याहून बोटभर उंच असावी. अडीच सेंटिमीटर जाडीचे काप केल्यास ह्यातून १० वड्या निघतात. नळीसारखा गोल साचा असल्यास त्रिज्येचा वर्ग, गुणिले ३.१४, गुणिले लांबी. आतून ७ सेंटिमीटर व्यासाची व २५ सेंटिमीटर लांबीची नळी असेल तर घनफळ सुमारे ९६०, आणि तेल सुमारे ६७० ग्रॅम. साच्याचा आकार वेडावाकडा असल्यास गणितास रजा द्यावी; साचा पाण्याने भरून त्या पाण्याचे वजन करावे व त्याच्या सात दशमांश तेल घ्यावे. नंतर साचा कोरडा ठणठणीत पुसावा.

येथे एक सावधगिरी. साच्याच्या मापाप्रमाणे कृती वाढवावी किंवा घटवावी, ती सर्व पदार्थ एकाच प्रमाणात. तेल बदलून वजन पुरे करणे घातक आहे. एक किलो खोबरेल तेलाचा साबण होण्यास सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेवढ्याच शेंगदाण्याच्या तेलास सुमारे १३६ ग्रॅम पुरतो. व्यवहारात ह्याहून शेकडा ५ कमीच घेतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहून त्वचेस ओशटपणा मिळतो. खोबरेलाच्या हिशेबाने क्षार घालून शेंगदाण्याचे तेल ओतले, तर उरलेला क्षार अंगास लागेल. आणि जे सर्वांस ठाऊक आहे ते पुन्हा सांगण्याचा दोष पत्करून सांगतो, की क्षार पाण्यात थोडा थोडा घालावा. पाणी क्षारावर कदापि ओतू नये.

तेल, ऋतू आणि साचा

कोणते तेल, ह्यावरही साचा अवलंबून आहे. आपल्याकडे खोबरेल सुलभ म्हणून निव्वळ त्याचा साबण करण्याकडे कल असतो. हा साबण फार तापतो व फार लवकर कठीण होतो. लांब पेटीत ओतून रात्रभर ठेवला आणि सकाळी सुरी लावली, तर गुळाच्या ढेपेसारखे तुकडे उडतात. तो सहा ते बारा तासांच्या आत, किंचित उबदार असतानाच कापावा लागतो. ज्यास रात्री जागावयाचे नाही, त्याने खोबरेलाचा साबण एकेका वडीच्या लहान साच्यांत ओतावा. शेंगदाण्याचे किंवा ऑलिव्हचे तेल अधिक असल्यास साबण मऊ राहतो. तो लहान नक्षीदार साच्यातून काढू गेल्यास कोपरे साच्यातच राहतात. त्यास पेटी बरी, आणि दोन-तीन दिवसांचा धीर बरा.

मोठ्या पेटीत उष्णता साठते, तेव्हा मिश्रण मध्यभागी काही काळ अर्धपारदर्शक, जेलीसारखे होते. ह्यात बिघाड नाही; उलट वडी अधिक घट्ट होते. लहान साच्यांत उष्णता टिकत नाही, म्हणून वडी फिकट व दुधाळ राहते. दोन्ही सारखीच उपयोगी. कडाक्याच्या थंडीत पेटीभोवती जुनी चादर गुंडाळावी. वैशाखात मात्र तसे करू नये, नाहीतर पृष्ठभाग मध्येच फुगून तडकतो. कोणत्याही ऋतूत पहिला दिवस साच्यावर झाकण असावे. ते नसल्यास वडीच्या वरच्या अंगास पांढरी पूड धरते. ती बुरशी नव्हे. मोकळ्या क्षारावर हवेची क्रिया होऊन झालेला तो धुण्याचा सोडा होय. सुश्रुताचे ‘तोंड झाकून’ येथे पुन्हा भेटते.

वडी सोडविणे

वडी सुटावी म्हणून साच्यास खोबरेल माखण्याची पुष्कळांस सवय असते. परंतु त्या तेलाचाच क्षाराशी संयोग होऊन साबण बनतो, आणि चिकटविण्याचे काम तोच करतो. माखावयाचेच असेल तर व्हॅसलीन किंवा पातळ पॅराफिन माखावे. ही खनिज द्रव्ये असल्यामुळे त्यांचा साबण होत नाही. एवढ्यानेही न सुटल्यास साचा काही तास शीतकपाटाच्या बर्फाच्या खणात ठेवून बाहेर काढावा. वडी किंचित आकसून सुटते. ओली वडी हाताळताना हातमोजे आवश्यक. त्यानंतर वड्या सुट्या मांडून, वारा लागेल अशा जागी चार ते सहा आठवडे वाळवाव्या.

साच्याचा आकार

आता आकाराविषयी. सिलिकोनचे साचे आणल्यावर आम्ही मोदकाच्या आकाराची हौस पुरी करून घेतली. ते मोदक इतके हुबेहूब उतरले की वाळवावयास मांडलेल्या परातीतून आमच्या चार वर्षांच्या नातवाने एक उचलला व त्याचा लचका तोडला. महिनाभर वाळलेला साबण असल्यामुळे तोंडास फेस येण्यापलीकडे काही झाले नाही. तो पहिल्या दिवसाचा असता, तर काय झाले असते ह्याची कल्पनाही करवत नाही. त्या दिवशी सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “आता तरी पटलं ना?” नैवेद्याच्या साच्यात साबण ओतू नये, हे त्यांचे म्हणणे आम्ही सोवळ्याच्या खात्यात टाकून मोकळे झालो होतो. त्यामागे घरात वावरणाऱ्या माणसाचे शहाणपण होते, की खाण्याची वस्तू व न खाण्याची वस्तू ह्यांची सीमा लहान मुलाच्या डोळ्यांसही दिसली पाहिजे.

तेव्हापासून आमच्या घरी दोन नियम झाले. ज्या साच्यात साबण ओतला, तो पुन्हा स्वयंपाकघरात येत नाही. त्यावर तांबड्या रंगाची खूण केलेली असते. आणि खाद्यपदार्थाच्या आकाराचा साबण होत नाही. मुलांस फुलपाखरे, मासे, पाने असे आकार हवेच असतात. त्यांच्यासाठी तयार ग्लिसरीन साबणाच्या लाद्या मिळतात. त्यांत साबणाची क्रिया आधीच पुरी झालेली असल्यामुळे मोकळ्या क्षाराची भीती नसते. मोठ्या माणसाने त्या वितळवून दिल्या की मुलांनी हव्या त्या नक्षीच्या साच्यात ओताव्या. साचा केवळ आकृती आहे, हे आमचे वाक्य तेथे मात्र बव्हंशी खरे आहे.

रोजच्या साबणास नक्षीची गरज आहे, असे आम्हांस आता वाटत नाही. सीरियातील अलेप्पो व पॅलेस्टाइनमधील नाब्लुस ही शहरे साबणासाठी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहेत. अलेप्पोस ऑलिव्ह व लॉरेल ह्यांच्या तेलांचा आणि नाब्लुसला ऑलिव्हच्या तेलाचा साबण होतो. २०२४ साली ह्या दोन्ही कलांची नोंद युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. तेथे वडीचा साचाच नसतो. कढईत कढवून क्रिया पुरी झालेला साबण प्रशस्त जमिनीवर ओतून पसरतात, थिजल्यावर रेघा आखून कापतात, वर ठसा मारतात आणि वड्यांचे पोकळ मनोरे रचून वाळवितात. आपला साबण न कढविलेला, म्हणून आपणांस पेटी हवी. परंतु ओतावे, आखावे, कापावे, ही रीत तीच. आपल्या गृहिणींस तर ती ताटातील वड्यांमुळे बालपणापासून अवगत आहे.

साच्याचा हा विचार करताना आम्हांस आमच्या धंद्याचीही आठवण झाल्यावाचून राहत नाही. उभा जन्म आम्ही मुलांस साच्यांत ओतले, आणि आकार सुबक उतरला की समाधान मानले. ज्यात ओततो ते द्रव्य त्यांस सोसते की जाळते, हे पाहिलेच पाहिजे, असे त्या काळी कोणी सांगितले असते तर आम्ही त्यासही हसून उत्तर दिले असते. असो.

यंदा सुताराकडून करविलेली लाकडी पेटी माडीवर वेगळ्या फळीवर ठेवलेली आहे. अस्तराचा कागद थोरल्या सूनबाई कापून ठेवतात, माप नात घेते, आणि ओतण्याचे काम, मनगटावर डाग असूनही, धाकट्या सूनबाईंनी दुसऱ्या कोणास दिलेले नाही. फक्त हातमोजे आता कोपरापर्यंतचे आहेत. मोदकांचे साचे देवघराच्या फडताळात गेले आहेत. त्या फडताळाची किल्ली सौभाग्यवतींपाशी असते, आणि ती मागण्याचे धैर्य आम्ही अद्याप केलेले नाही.